कोरडा कालवा चालायचाय? शेवटाकडून निघा

कोकणातला बंद पडलेला कालवा कुठे बिघडलाय हे चालून बघायला निघालेला माणूस साधारणपणे धरणापासून सुरुवात करतो. तिथे गाडी उभी करायला जागा असते, चहाची टपरी असते, फोटोही बरे येतात. मग तो कडेकडेने दोन-तीन किलोमीटर जातो, रान दाट झालं की परत फिरतो आणि घरी येऊन सांगतो, कालवा तसा ठीक आहे. पहिल्या वेळी मीही हेच केलं होतं. पण मुखाकडचे पहिले दोन-तीन किलोमीटर बहुतेक कालव्यांचे ठीकच असतात. कालवा मरतो तो शेपटाकडून.

म्हणून नव्याने चालणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं, की उलटे चाला. पाणी जिथे शेवटी पोहोचायला हवं होतं तिथून निघा आणि मुखाच्या दिशेने वर जा. पाटबंधाऱ्याच्या लोकांत ‘टेल टू हेड’ हा शब्द कायम ऐकू येतो. आवर्तनाचं, म्हणजे पाळीने सोडलेलं पाणी आधी शेवटच्या शेतकऱ्याला द्यायचं आणि मग क्रमाने वरच्यांना, असा तो नियम. पाण्याला तो पाळता आला नसेल, आपल्याला पाळता येतो.

कालवा कोणता निवडायचा

कोकणातला कालवा म्हणजे बोटींचा नव्हे, ओलिताचा. बोटींसाठी आपल्याकडे खाड्या आहेत. इथे दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे ओहोळावर बंधारा घालून वाडीपर्यंत आणलेला जुना पाट, जांभ्यात कोरलेला किंवा दगड-मातीचा, जेमतेम दोन हात रुंद. दुसरा सरकारी प्रकल्पाचा कालवा: भराव, अस्तरीकरण, गेटं, जलसेतू असा सगळा संसार असलेला. पाट एका सकाळी संपतो आणि चुकायला फारशी जागा नसते. सवय करायला तो उत्तम. बाकी हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

नमुन्याला रायगडातलं कोलाडजवळचं डोलवहाळ घ्या. मुळशीच्या तलावाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं (ते 1927 पासून चालू आहे), तिथून कुंडलिकेत पडतं. त्याच पाण्यावर सकाळी राफ्टिंगवाल्यांचा धंदा चालतो आणि तेच पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून काळ प्रकल्पाच्या कालव्यांत घेतलेलं आहे. दक्षिणेला दोडामार्गात तिलारी आहे, महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. करार 1990 चा, खर्चाचा वाटा गोव्याचा 73.30 टक्के आणि महाराष्ट्राचा 26.70. तिथला कालवा फुटल्याची बातमी अधूनमधून आपण वाचतोच. यातले सगळे कालवे बंद आहेत असा याचा अर्थ घेऊ नका. एकाच कालव्याचा वरचा भाग वाहता, मधला दुरुस्तीत आणि खालचा वर्षानुवर्षं कोरडा असतो. आपल्याला चालायचाय तो हा खालचा.

तेव्हा जायच्या आधी एक फोन कराच. प्रकल्पाच्या उपविभागाच्या कार्यालयात विचारा: पुढच्या आठवड्यात आवर्तन आहे का? दुरुस्तीनंतर चाचणीचं पाणी सोडणार आहेत का? आज कोरडा म्हणजे उद्या कोरडा असं नसतं. साहेब भेटले नाहीत तरी चालेल, कालवा निरीक्षक किंवा पाटकरी भेटला पाहिजे. निवृत्त पाटकरी भेटला तर नशीबच. माझ्या अनुभवात कालव्याचं खरं टिपण त्यांच्याच डोक्यात असतं: कुठलं गेट कोणत्या साली अडकलं, कुठल्या पुलाखाली मधमाश्यांचं पोळं आहे, सगळं.

परवानगीचं म्हणाल तर कालव्याच्या कडेच्या सेवा रस्त्यावरून चालणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, गावकरी रोज चालतातच. धरणाची भिंत, वीजघर, मुख्य गेट इथे मात्र विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि ड्रोन घरी ठेवा.

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून फुकट उतरवता येतात. त्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर 20 मीटरला असतात. कालवा जवळजवळ त्यांच्या सोबतीने जातो, कारण त्याला उतार द्यायचा असतो तो फारच थोडा. किलोमीटरभरात वीत-दीड वीत, बस्स. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसवा, पुढे रानात तेच तुम्हाला वाचवणार आहे.

उपग्रहाचं चित्र बघताना एप्रिल-मेचं निवडा. पावसाळ्यात सगळं कोकण हिरवं, त्यात काय दिसणार? उन्हाळ्यात डोंगर पिवळे पडतात आणि कालव्याच्या कडेची झाडं हिरव्या दोऱ्यासारखी उठून दिसतात. जुन्या सालांची चित्रं एकामागून एक लावली तर दोरा कुठे तुटत गेला तेही कळतं. गावनकाशा मिळाला तर सोबत घ्या. त्यात कालव्यासाठी संपादित केलेल्या जमिनीचा पट्टा दिसतो, म्हणजे कोणाच्या परसातून जाताना आपण नेमके कशावर उभे आहोत हे समजतं.

मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीवर मात्र विसंबू नका. त्यात सहज पाच-दहा मीटरचा फरक पडतो, आणि आपण इथे वितीच्या गोष्टी करतोय.

केव्हा आणि काय घेऊन

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत डोक्याएवढं असतं, त्याखालचा खड्डा पाय गेल्यावरच कळतो. मार्चनंतर ऊन आणि वणवे. पावसाळ्यात तर नावच काढू नका. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात पोखरलेला भराव कधी बसेल याचा भरवसा नसतो.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, घोट्यावर येणारे बूट. हातात काठी, आणि ती काठी का ते पुढे सांगतो. कोयता आपण घेऊन फिरू नये. वाट काढायला गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी त्याला न मागता द्यावी. पाणी माणशी तीन लिटर. त्यातली एक बाटली पारदर्शक आणि निम्मी रिकामी असू द्या. तिचंही काम आहे.

अंतराचा अंदाज बांधताना सेवा रस्ता मोकळा असेल तिथे तासाला चार किलोमीटर धरा, रान असेल तिथे एक. दिवसाला सात-आठ किलोमीटर पुष्कळ झाले. रेल्वेने यायचं तर कोलाड, रोहा, माणगाव किंवा सावंतवाडी स्टेशन, पुढे एस.टी. संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजताची, हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. फलकावरच्या वेळा फलकावरच राहतात.

शेवट शोधणं

पहिली अडचण इथेच येते. कालव्याचं मुख कुणीही दाखवतं, शेवट कुणाला नक्की ठाऊक नसतो. मुख्य कालवा, त्यातून फुटलेल्या वितरिका, त्यातून पाटचाऱ्या, शेतचाऱ्या अशी उतरती भांजणी असते आणि शेवटची चारी बऱ्याचदा कुणाच्या तरी मळ्यात विरून गेलेली असते. दगड शोधा. कालव्याच्या कडेला ठरावीक अंतरावर साखळी क्रमांकाचे दगड पुरलेले असतात. ‘7/240’ लिहिलं असेल तर मुखापासून सात किलोमीटर आणि दोनशे चाळीस मीटर.

सिंधुदुर्गातल्या एका कालव्याचा शेवटचा दगड आम्हाला तासभर सापडत नव्हता. शेवटी एका घराच्या पडवीत पाणी मागायला टेकलो, तर पायरीच्या दगडावर निळ्या रंगात अर्धा आकडा दिसला. उरलेला अर्धा पायांनी झिजून गेलेला. आजी सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या.

“आज्ये, हो दगड कालव्याचो मां?”

“व्हय तर. पाणी काय येवक नाय रे झिला, दगड तरी इलो.”

त्यांनीच मग हात करून दाखवलं, दगड मुळात कुठे होता ते. फणसाच्या पलीकडे, गोठ्याच्या मागे. गोठा कालव्याच्या तळातच बांधलेला होता. तीन बाजूंनी आयत्या भिंती असल्यावर कोण सोडेल? अशा ठिकाणी ‘अतिक्रमण’ हा शब्द तोंडातून काढू नका. पाणी कधी आलंच नाही त्या खड्ड्यात माणसाने गवताची उडवी रचली तर त्याला दोष देऊन आपल्या हाती काय लागणार? शिवाय तुम्हाला अजून अख्खा कालवा त्यांच्याच परसातून चालायचाय. हाक मारून, विचारून, कुत्र्याचं नाव माहीत करून घेऊन पुढे व्हा.

वाट हरवली तर

हरवतेच. कुठे डोंगराची दरड उतरून कालवा काठोकाठ भरलेला असतो आणि वर काजूची लागवड झालेली असते. कुठे भरावाची माती घरांच्या जोत्यांना गेलेली असते. अशा वेळी नवखा माणूस मोकळी जागा बघून खाली उतरतो, आणि तिथेच चुकतो. कालवा वर चढत नाही, खाली उतरत नाही. तुम्हीही पातळी सोडू नका.

आता ती निम्मी बाटली काढा. कालव्याचा तळ जिथे शेवटचा स्पष्ट दिसतोय तिथे वाका, बाटली डोळ्यासमोर स्थिर धरा आणि आतल्या पाण्याच्या कडेवरून समोरच्या उतारावर नजर टाका. ती रेघ जिथे टेकते, त्याच्या दोन-तीन मीटर वर-खाली कालवा पुन्हा सापडतो. गवंड्याची पाणसळ, दुसरं काय! फार लांबवर हा जुगाड चालत नाही, हात थोडा हलला तरी रेघ पुरुषभर सरकते. पण एखाद्या घळीच्या पलीकडची बाजू शोधायला पुरतो.

तरीही सापडला नाही तर झाडं बघा. उंबर, करंज असली झाडं रानात इतस्ततः असतात, कालव्याच्या कडेला ती ओळीत उभी दिसतात. पायाखालची माती उकरा, पाणगोगलगायींचे पांढरे पडलेले शंख निघाले तर तिथून कधीतरी पाणी गेलंय. आणि अस्तराचा तुकडा सापडला तर त्यावर आडवी फिकट रेघ बघा. कालवा भरून चालायचा तेव्हाच्या पाण्याची ती खूण. काही कालव्यांना ती कुठेच दिसत नाही. म्हणजे काय ते समजून घ्या.

काठी कशासाठी

अस्तराच्या काँक्रीटवर पाय ठेवण्याआधी काठीने ठोकून बघा. भरीव जागी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, पोकळ जागी घागरीवर टिचकी मारल्यासारखा. पोकळ म्हणजे खालची माती पाण्याबरोबर निघून गेलीय आणि वर नुसती फरशी तरंगतेय.

ही पोकळी बहुधा खेकड्याच्या किंवा घुशीच्या बिळापासून सुरू होते. बिळातून थेंबथेंब पाणी पलीकडे जातं, जाताना मातीचे कण नेतं, बीळ रुंदावतं, आणि एखाद्या रात्री भराव फुटतो. खालच्या माणसाला ते सकाळी भातखाचरातल्या गाळावरून कळतं. भरावाच्या बाहेरच्या उतारावर बोट जाईल एवढं भोक आणि त्याखाली पंख्यासारखी पसरलेली बारीक माती दिसली की थांबा आणि टिपून घ्या. ही छोटी खूण मोठ्या भगदाडापेक्षा जास्त कामाची आहे, कारण भगदाड सगळ्यांना दिसतं.

जांभ्यात खोदलेल्या भागात गळतीची तऱ्हा निराळी. जांभा मुळातच सच्छिद्र, त्यामुळे अस्तर उखडलं की पाणी झिरपतच राहतं. मात्र खालच्या वाडीतल्या विहिरीला त्याच झिरप्याने फेब्रुवारीपर्यंत पाणी असायचं, असं सांगणारे लोकही भेटतील. कालव्याऐवजी बंदिस्त नळ टाकायचं ठरलं तर हे पाणी जाणार. दुरुस्ती हवी का असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. कशी हवी, हे विचारा, आणि कालव्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या माणसांना वेगवेगळं विचारा.

कुठे पाय ठेवू नये

जलसेतू म्हणजे ओहोळावरून कालवा नेणारा पूल. त्याच्या कडेची भिंत वीतभर रुंद आणि खाली कधी दोन-तीन माड उंच दरी असते. गावची मुलं त्यावरून दप्तर घेऊन पळत जातात, म्हणून आपण जायचं नसतं. खाली उतरून ओहोळ ओलांडा आणि पलीकडून चढा, अर्धा तास जाईल. खालून जाताना खांब बघता येतात आणि सांध्यांतून लोंबणाऱ्या पिंपळाच्या मुळ्याही.

सायफन हा त्याच्या उलट, ओहोळाच्या पोटाखालून जाणारा बोगदा. दोन्ही टोकांना विहिरीसारखे हौद असतात. कालवा कोरडा असला तरी हौदात पाणी आणि पुरुषभर गाळ असू शकतो, आतली हवा कोंदट. वाकून बघायला काठावर जाऊ नका, काठाचं काँक्रीटच आधी सुटतं. यावर अधिक चर्चा नको.

रानातले सोबती

दगडाखाली हात घालू नका, कारण जांभ्याच्या सड्यांवर फुरसं सर्रास असतं आणि ते दिसायला दगडाच्याच रंगाचं. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. पाय स्थिर ठेवून 108 ला फोन आणि जवळचं सरकारी रुग्णालय. लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तेव्हापासून या विंचवाने मरणारी माणसं वाचायला लागली. पण रुग्णालयात वेळेत पोहोचलात तरच.

दोडामार्गाकडे जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी. 2002 पासून तिथे कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे, तेव्हा सकाळी गावात विचारल्याशिवाय निघू नका. आणि त्या तालुक्यात 2016 मध्ये माकडतापाची साथ होती. तो गोचिडीतून पसरतो, म्हणून घरी आल्यावर अंग आणि कपडे नीट तपासा. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

या सगळ्यांपेक्षा मला छळलंय ते खाजकुयलीने. जानेवारीत तिच्या शेंगा सोनेरी मखमलीसारख्या लटकतात, नवखा माणूस हात लावतोच. लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून ओढून काढा, मग धुवा.

डुकरांसाठी लावलेले फासे आणि तारा हीदेखील खरी भीती आहे. बागेच्या कडेने उघडी तार दिसली तर त्यात वीज आहे असंच समजा. आणि वाटेत पडलेली कसलीही पुडी, गोळा पायाने उडवू नका.

काय लिहून आणायचं

कालवा दुरुस्तीच्या यादीत असेल तर जागोजाग लाल रंगाच्या खुणा, खुंट्या दिसतील. त्यांना हलवू नका. आपली वही वेगळी. प्रत्येक बिघाडाला साखळी क्रमांक, डावा काठ की उजवा, काय झालंय (गाळ, दरड, गळती, भगदाड, मोडलेलं गेट) आणि पावलांत लांबी. डावा-उजवा काठ पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरतो, आपण उलटे चालतोय हे विसरू नका. पहिल्या वहीत मी सगळेच काठ उलटे लिहिले होते. फोटो काढताना काठी चौकटीत उभी ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो.

सगळे बिघाड सारखे नसतात. चार किलोमीटर गाळ साचलेला कालवा एका हंगामात मोकळा करता येतो. पण एक जलसेतू बसला असेल तर त्याच्या खालचं सगळं व्यर्थ. उलटं चालण्याचा खरा फायदा इथे कळतो. चालताना भगदाडामागून भगदाड लागतं, प्रत्येक वेळी वाटतं हेच ते. पण तुम्हाला सगळ्यांत शेवटी भेटलेलं भगदाड पाण्याला सगळ्यांत आधी भेटतं. त्याच्यापलीकडे आज पाणी जातच नाही. त्या जागेला वहीत दुहेरी रेघ ओढा. पाणी वापर संस्थेला, ग्रामसभेला किंवा उपविभागाला वहीची प्रत देताना तिथपासून बोलायला सुरुवात करा. आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ती जागा आहे का, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं.

मुखाशी

दुहेरी रेघेनंतर हळूहळू बदल जाणवतो. तळात ओल, मग डबकी, मग शेवाळ, मग वाहतं पाणी. सेवा रस्त्यावर गाडीच्या चाकोऱ्या दिसू लागतात. शेवटी बंधारा येतो, पाणी त्याच्यावरून नदीत पडून खाडीकडे निघालेलं असतं, आणि बाजूला कालव्याचं मुख्य दार असतं, वर ग्रीस वाळलेलं लोखंडी चाक. फोटो काढा, बसा, डबा उघडा. त्या चाकाला मात्र गंमत म्हणूनही हात घालू नका. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 प्रमाणे तो गुन्हा आहेच. शिवाय खाली कुठल्या भगदाडापाशी कोणाची खाचरं आहेत आणि कोणाच्या गोठ्यात किती गुरं बांधलेली आहेत, हे सकाळपासून तुम्ही बघतच आलायत.